दोन आडदांड आणि दालच्याची देग

मी एक जुनी पिकअप आहे. जुनी म्हणजे जुनीच. 'थोडीशी वापरलेली' वगैरे गोड शब्द गाड्या विकणाऱ्यांनी आपल्यापाशी ठेवावेत. माझा रंग एके काळी पांढरा होता, आता तो मस्कतमधल्या वादी कबीर या वस्तीच्या धुळीचा झाला आहे. उजव्या दाराची काच हाताने धरून वर ओढावी लागते आणि तिसरा गिअर टाकताना मी कुरकुरते. पण मित्रांनो, मी रडगाणं गायला आलेली नाही. मला कुणाची कीव नको. माझी हकिकत मी ताठ मानेने सांगणार आहे, तुम्ही ती नीट बसून ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जहाजाच्या पोटात बसून मी मत्रहच्या बंदरात उतरले, तेव्हा माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता. माझे पहिले मालक म्हणजे बरका गावचे एक वयस्क ओमानी शेतकरी. त्यांच्याकडचे कामगार त्यांना अर्बाब, म्हणजे धनी, म्हणत, म्हणून माझ्यासाठीही ते अर्बाबच. मी त्यांच्या बकऱ्या वाहिल्या, गवताचे भारे वाहिले, खजुराच्या टोपल्या वाहिल्या. काम संपलं की ते माझ्या बॉनेटवर थाप मारून 'माशाल्ला' म्हणत. ते गेले आणि त्यांच्या मुलांनी चकचकीत गाड्या आणल्या. मग मी खजुरांच्या सावलीत नुसती उभी राहिले. माझ्या मागच्या उघड्या हौद्यात एका कोंबडीने संसार थाटला. कोंबडीचा मला राग नाही. पण धावणाऱ्या गाडीला कोंबडीचं खुराडं बनवणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

तिथून मला मुनीरने सोडवलं. मुनीर रायगडातल्या म्हसळ्याचा. मनाने मोठा, बोलण्याने त्याहून मोठा. त्याची बायको नूरबानू श्रीवर्धनची. दोघांचं वादी कबीरमध्ये लहानसं केटरिंग आहे. मस्कतपासून सीबपर्यंत कोकणी मुसलमानांच्या घरी लग्न असो, बाळाचा अकीका असो की रमजानची इफ्तारी, जेवण यांच्याकडून जातं. ऑर्डर मुनीर घेतो, रांधते नूरबानू. जेवणाची मोठाली भांडी, म्हणजे देगी, पोचवायला त्यांनी आधी ड्रायव्हर ठेवून पाहिले. एकाने वळणावर अखनी पुलावाची देग आडवी केली, दुसरा वाटेत मित्राच्या खोलीवर चहा प्यायला थांबला आणि तिकडे वरात उपाशी. तेव्हा नूरबानूने पदर खोचला आणि स्वतः लायसन काढायला गेली. इथे त्यासाठी लोखंडी पिंपांच्या मधून गाडी उलटी काढून दाखवावी लागते. दोन-तीनदा पिंपं पडली, पण तिची जिद्द काही पडली नाही.

तेव्हापासून माझं स्टेअरिंग तिचं झालं. सीटवर एक उशी ठेवून ती बसते. देग मागे असली की ती मला इतकी जपून नेते की वरचं तूपसुद्धा हलत नाही. आणि परतताना मागे रिकाम्या देगी खणखणत असतात, बाजूला समुद्र असतो आणि ती एकटीच मोठ्याने गात असते. घरात तिला गाताना कुणी ऐकलेलं नाही. मी ऐकलं आहे. दिवसभर चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या त्या बाईचा तेवढाच वेळ तिचा स्वतःचा, आणि तो माझ्या केबिनमध्ये जातो. याचा मला अभिमान आहे.

आणि हेच सुख कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं. एका शुक्रवारी नमाजानंतर मुनीरच्या गावचे सकलैनभाई चार लोकांत म्हणाले, "मुनीर, धंदा बरा चाललाय तुझा. पण बायकोला ड्रायवर बनवलास रे?" लोक हसले. मुनीरही हसला, पण टोमणा त्याला लागला. घरी येऊन तो मोबाईलला चिकटला. दोन मोठे पिकअप ट्रक त्याच्या मनात भरले, एक पांढरा, एक काळा. याची ताकद किती घोड्यांची, त्याचे सिलिंडर किती, याचा स्टेअरिंगशेजारचा पडदा मोठा की त्याचा, रात्रंदिवस हीच चर्चा. मी किचनच्या मागच्या दाराशी उभी असते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"नूर, आता बस झाला तुझा गाडी चालवणा," तो म्हणाला. "मोठी गाडी घेऊ, ड्रायवर ठेवू. तू घरात राणीसारखी रव."

"राणीला विचारलाव तरी?" नूरबानू म्हणाली.

मुनीरने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.  कांदा चिरण्याचा आवाज एकदम मोठा झाला.

एका शनिवारी सीबला एका वलिम्याचं, म्हणजे लग्नानंतरच्या मेजवानीचं, जेवण द्यायचं होतं. मुनीरने हिशेब केला, सीबच्या अलीकडेच जुन्या गाड्यांचं आवार आहे, दोन्ही ट्रक तिथेच उभे आहेत, मग एका फेरीत दोन कामं का करू नयेत? माझ्या हौद्यात डाळ-मटणाच्या गरम दालच्याची देग, तिच्या मागे अखनी पुलावाची, शिवाय ताटल्यांचे खोके. पुढे नूरबानू स्टेअरिंगवर, मधे त्यांची मुलगी सिदरा, आणि कडेला इस्त्रीचा नवा शर्ट घातलेला मुनीर. हातात ताजं जेवण असताना गाडी बघायला जाणारा माणूस जगात दुसरा नसेल.

आवारात निशांत नावाचा मुंबईचा तरुण गाड्या विकतो. त्याने मला पाहिलं आणि मला मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभं करायला लावलं. मग टायरवर बुटाचं टोक मारून म्हणाला, "हिला एक्स्चेंजमध्ये धरू, मुनीरभाई. भंगाराचा भाव मिळेल, जास्त होप ठेवू नका."

भंगार! मित्रांनो, माझा रेडिएटर तिथल्या तिथे उकळला असता.

ते दोघे आडदांड ट्रक मात्र मांडवाच्या सावलीत छाती काढून उभे होते. खोटं कशाला बोलू, रुबाबदार होते. निशांतने पांढऱ्याचं इंजिन सुरू केलं तेव्हा जमीन थरथरली. "व्ही-एट आहे, साहेब! आणि काळा बघा, लेदर सीट, मागच्या हौद्याला कडक झाकण. चोरी नाही, धूळ नाही." मुनीर एकदा यात चढला, एकदा त्यात चढला. एकाचं दार लावून आवाज ऐकला, मग दुसऱ्याचं. सिदरा मागच्या सीटवर उड्या मारत होती. "अब्बा, धिस वन! हा घेऊया ना, याला... याला वरती खिडकी आहे!" नूरबानूसाठी निशांतने अदबीने मागचं दार उघडलं. "मॅडम, तुम्ही इथे आरामात बसा." ती बसली नाही. ती दोन्ही ट्रकांच्या मागे जाऊन उभी राहिली, हौद्याकडे बघत.

एवढ्यात मुनीरच्या डोक्यात किडा वळवळला. "निशांत, ट्रायल तर देणारच ना? मग देगी या पांढऱ्यात ठेव. आज हॉलसमोर हाच उभा करतो. सकलैनभाईचा तोंड बघायचाय मना."

निशांत का-कू करत होता, पण गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्याने हौद्यात प्लास्टिक अंथरलं. दोघांनी दालच्याची देग कड्यांना धरून माझ्यावरून उतरवली. माझा हौदा पडला बुटका, कमरेच्याही खाली, तिथून उतरवायला त्रास नाही. पण पांढऱ्याचा हौदा पार छातीला! आता गरमागरम, काठोकाठ भरलेली देग छातीपर्यंत उचलायची कशी? त्यांनी उचलली. मुनीरची बाजू वर गेली, निशांतची खाली राहिली, झाकणावर बांधलेलं फडकं सरकलं आणि दालच्याचा ओघळ थेट मुनीरच्या नव्या शर्टावर.

"खाली! आधी खाली ठेवा!" ओढणीच्या टोकाने कडं धरत नूरबानू ओरडली. देग वाचली. मुनीरला चटका बसला, पण त्याहून मोठा चटका त्याच्या रुबाबाला बसला.

तरी गडी हटेना. "काळ्यात ठेवू."

काळ्याचा हौदा जरासा ठेंगणा होता, म्हणून तिघांनी मिळून देग कशीबशी आत ढकलली. पण चार दारांची ऐसपैस केबिन बनवताना कंपनीने मागे जागाच ठेवली नव्हती. एक देग मावली, दुसरी बाहेर. आणि हौद्याचं ते कौतुकाचं झाकण देगीच्या गळ्याशी येऊन अडलं.

"झाकण काढून मिळेल, साहेब," निशांत घाम पुसत म्हणाला.

"कधी?"

"मंडेला."

"म्हणजे वलिमा सोमवारी करायला सांगू?" नूरबानू म्हणाली. मग ती मुनीरकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण मला टाकीपाशी स्पष्ट ऐकू आला. "दोन्ही गाड्यांत तुमी बसलाव, सिदरा बसली. चालवणारी मी, पण मना पुढे कोणी बसवला नाय. लोक हसले म्हणून माझ्या हातातला स्टेअरिंग काढून घेताव? गाडी खुशाल घ्या. मोठी घ्या, लहान घ्या. पण देगी माझ्या, हात माझे, नि चालवणार मीच. ड्रायवर ठेवायचाच असेल तर रांधायला पण त्यालाच सांगा."

मुनीरने शर्टाकडे पाहिलं, देगीकडे पाहिलं.  मग त्याने काळ्यातल्या देगीचं कडं धरलं. देगी माझ्या हौद्यात परत आल्या, दोरी आवळली गेली. नूरबानूने किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू झाले असं सांगायला मला आवडलं असतं. मी दोनदा खोकले. पण तिसऱ्यांदा अशी गरजले की निशांत बाजूला झाला.

सीबच्या हॉलचं मागचं फाटक अरुंद आहे. सावलीत खुर्च्या टाकून पुरुष मंडळी जेवणाची वाट बघत होती आणि अगदी पुढे सकलैनभाई. नूरबानूने मला सगळ्यांदेखत उलटं घातलं, एका झटक्यात, दोन्हीकडे हाताएवढी जागा ठेवून.  मग मुनीर उतरला आणि सकलैनभाईंना जीभ आवरली नाही.

"काय रे मुनीर, आज पण बायकोच ड्रायवर? आणि शर्टाला काय झाला?"

 मला धडधड जाणवत होती, ती इंजिनची की नूरबानूची, सांगता येत नाही. तिचे हात अजून स्टेअरिंगवरच होते.

"शर्ट माझ्या अकलेने भिजला, सकलैनभाई," मुनीर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि जेवण हिने रांधलाय, हिनेच चालवत आणलाय. तुमाला चालत नसेल तर तसा सांगा, देगी परत नेतो."

सकलैनभाईंनी देगीकडे पाहिलं. दालच्याचा वास फाटकापर्यंत पसरला होता. "अरे, परत कशाला!" ते गडबडीने म्हणाले. या खेपेला लोक हसले ते त्यांना. मुनीरने स्वतःच्या हाताने माझं मागचं फळकं पाडलं.

पुढच्या आठवड्यात निशांतचा फोन आला. पांढरा की काळा, काय ठरलं? मुनीरने फोन नूरबानूच्या हातात दिला. "गाडीचा काय ते हिच्याशी बोल." ती म्हणाली, "येईन कधीतरी बघायला. पण भरलेली देग घेऊन येईन, आणि पुढचा दार माझ्यासाठी उघडायचा." त्याच संध्याकाळी मला गॅरेजमध्ये नेऊन माझी क्लच प्लेट बदलली गेली. तिसरा गिअर अजून कुरकुरतो. कुरकुरू दे.

मित्रांनो, मी अमर नाही. एक दिवस नूरबानू दुसरी गाडी निवडेल आणि मी खरंच भंगारात जाईन. जाईन तेव्हा जाईन, पण कुणाच्या टोमण्यामुळे जाणार नाही. तोवर माझी एक मागणी आहे. ती मी हात जोडून करत नाही, मला हात नाहीत. मी ती हॉर्न वाजवून करते. जी यंत्रं तुमच्यासाठी राबतात त्यांचं तेलपाणी वेळच्या वेळी बघा. आणि जी माणसं ती यंत्रं चालवतात, त्यांच्या हातातलं चाक त्यांना न विचारता काढून घेऊ नका.