मागचा डावा शॉकअप

दचकू नका, इकडे खाली बघा. मी बोलतोय तो गॅरेजच्या मागच्या भंगाराच्या पिंपातून. वर फाटकी ट्यूब, खाली गंजलेले नटबोल्ट आणि मधे आडवा पडलेला मी, एका घरच्या मोटारीचा मागचा डावा शॉकअप. नाव ऐकून चेहरा कोरा झाला ना? साहजिक आहे. आम्ही नीट काम करतो तोवर आम्ही आहोत हेसुद्धा कुणाला ठाऊक नसतं.

माझं काम अगदी साधं. पोटात तेल आणि तेलात वरखाली होणारा एक दांडा. खड्डा आला की शेजारची स्प्रिंग उसळायची, तिचा स्वभावच थयथयाटाचा. तिला आवरायचं आणि वर बसलेल्या माणसाला हादरा लागू द्यायचा नाही, बस्स. माझ्या बरोब्बर डोक्यावर आजी बसायच्या.

आजी म्हणजे आमच्या साहेबांच्या आई. दर रविवारी सकाळी मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसायच्या. मांडीवर सूपचा थर्मास. पुढे साहेब आणि सूनबाई. तासाभराच्या अंतरावर आजींची थोरली बहीण राहायची, अंथरुणाला खिळलेली. गाडी तिच्या खिडकीखालीच उभी असायची. ऐंशीच्या घरातल्या दोन बायका शाळकरी पोरींसारख्या खिदळताना ऐकल्यात कधी? मी ऐकल्यात. त्यासाठी आठवडाभर कितीही खड्डे सोसायची माझी तयारी होती.

सहा-सात वर्षं छान गेली. मग माझं रबरी सील फाटलं आणि पोटातलं तेल थेंबाथेंबानं गळायला लागलं. साहेबांनी फरशीवरचा डाग बघितला. मला वाटलं, चला, आता वाकून बघतील. कसलं काय! त्यांनी डागावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि चहा प्यायला गेले.

तेल संपलं तसं स्प्रिंगला रान मोकळं मिळालं. खड्डा एक आणि दणके चार. माझा दांडा आतल्या आत आपटायचा, खडाड् खट्, खडाड् खट्. तुम्ही त्याला आवाज म्हणाल. अहो, मी ओरडत होतो! दुसरं तोंड कुठाय मला?

"अहो, मागून काहीतरी वाजतंय," सूनबाई म्हणाल्या.

"रस्तेच तसले आहेत, गाडी काय करणार?" साहेबांनी रेडिओ मोठा केला.

मागे आजी एका हातानं वरची मूठ धरायच्या आणि दुसऱ्या हातानं थर्मास. एकदा झाकण उडून सूप मांडीवर सांडलं, तरी हूं की चूं नाही. माझ्या हातून निसटलेला प्रत्येक दणका थेट त्यांच्या कमरेत जात होता आणि मला तो धरता येत नव्हता. फार लाज वाटायची.

मग एका रविवारी आजी म्हणाल्या, "तुम्हीच जाऊन या. मला कंटाळा आलाय."

"कमाल आहे आई तुझी! मावशीसाठी जायचं आणि तुलाच कंटाळा?"

आजींनी थर्मास सूनबाईंच्या हातात दिला. लेकानं हौसेनं घेतलेल्या गाडीला नावं कशी ठेवायची? असे चार रविवार गेले. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की आजी वयामुळे हट्टी झाल्यात. खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी गाडीखाली लटकलेला.

अशात बातमी आली. मावशींचा मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे, दूरदेशी घेऊन चालला होता. रविवारी दुपारचं विमान होतं, बाराला घरून निघायचं होतं. आजींनी पहाटेच सूप करून थर्मास भरला. "आज मी येणार," म्हणाल्या, "कंबर मोडली तरी येणार."

कंबर म्हटल्यावर साहेब जरा चपापले. आज आईला त्रास नको, म्हणून त्यांनी निघण्याआधी तो आवाज शोधायचा चंगच बांधला. डिकी उघडली. आत जॅक आणि पाने एकमेकांवर सुटेच पडले होते. "सापडला चोर!" म्हणत त्यांनी सगळं उचलून घरातल्या कपाटात नेऊन ठेवलं. मी जीव तोडून ओरडलो असतो, पण गाडी उभी असताना मला आवाजच नसतो.

निघालो. पहिल्याच खड्ड्यात खडाड् खट्. साहेबांचा चेहरा पडला. चाक आवरणारा कुणी नसला की ते रस्त्यावर नुसतं उड्या मारतं आणि टायर जागोजागी झिजतो. महिनोन् महिने झिजलेला तो टायर त्या दिवशी अर्ध्या वाटेत फुटला. जादा चाक होतं, पण जॅक घरी कपाटात! दोन्ही बाजूंना शेतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. साहेबांनी या गॅरेजच्या मिस्त्रींना फोन लावला, "लवकर या हो." ते यायला साडेबारा वाजले.

त्याआधी, बाराला आजींचा फोन वाजला. पलीकडे थोरली होती, निघायच्या तयारीत.

"ताई, अगं पोचतेच आहे मी," आजी म्हणाल्या. मग नुसतं ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "सूप अजून गरम आहे गं."

मिस्त्रींनी चाक बदललं आणि सवयीनं गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला. गाडी वरखाली नाचतच राहिली. "साहेब, शॉकअप कधीच मेलाय हा. एवढा बोंबलत होता, ऐकू नाही आलं?"

साहेबांनी मागे वळून बघितलं. "आई, तुला दणके बसत होते? बोलली का नाहीस?"

"थोडे बसायचे," आजी म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी नवे शॉकअप बसले आणि मी इथे आलो. उद्या-परवा भंगारवाला येईल. त्याच्याआधी हात जोडून एक सांगतो. गाडी वाजायला लागली तर रेडिओ वाढवू नका. मागे बसलेल्या माणसाला विचारा, आणि तो "काही नाही" म्हणाला तर पुन्हा विचारा.

काल ती गाडी हवा भरायला आली होती. आजी त्यांच्याच जागेवर होत्या, मांडी रिकामी.

"आई, आता पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही बघ!" साहेब म्हणाले. "सांग, कुठे जायचं? म्हणशील तिथे नेतो."

आजींनी खिडकीची काच वर केली.

"घरीच चल बाळा," त्या म्हणाल्या.

गाडी निघाली. फाटकापाशी मोठा खड्डा आहे. मी कान देऊन होतो. काही म्हणजे काही वाजलं नाही.