फुगलेली बॅटरी

"चौकीदाराच्या हलगर्जीपणामुळे बॅटरी फुटली," असं तुम्ही लिहिलंत, साहेब. पंख्याखाली बसून, सहीशिक्का मारून लिहिलंत. खोटं लिहिलंत.

तलावाच्या चौकीत चौकीदार शहादेव तीच नोटीस मांडीवर घेऊन बसला होता. उजव्या हाताला नांदूरघाटच्या दवाखान्यातली पट्टी. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर कामावरून कमी. आज सातवा दिवस. पोस्टाने पाठवलेल्या खुलाशाचं काय झालं, ते कुणी सांगत नव्हतं.

बायको वारून नऊ वर्षं झाली. लेक ऊसतोडीला गेला की सहा महिने तोंड दिसत नाही. त्या डोंगरात मोबाईलला रेंज नाही. माणसाचा आवाज म्हणजे हातातला वायरलेस सेट. सकाळी आठला पाण्याची पातळी कळवायची आणि मग दिवसभर सेट चालू ठेवून दुसऱ्या चौक्यांची बोलणी ऐकायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाला कणकण आली, सगळं शहादेवला ठाऊक. त्याचं कुणालाच नाही.

म्हणून तो बॅटरीला जिवापाड जपे. ओल्या हाताने शिवायची नाही, तापलेली असताना चार्जरला लावायची नाही, दिवा हिरवा झाला की काढायची. दोनपैकी एक फुगली, तशी त्याने ती बाहेर वाळूच्या घमेल्यात ठेवली आणि नवीसाठी दोन अर्ज दिले.

नवी बॅटरी आली नाही. तपासणीला साहेब आले. घमेलं बघून हसले.

"फुगली म्हणून टाकून दिली व्हय? पोळी बी फुगतीच की बे. ती काय फेकतोस?"

"साहेब, ही आता चार्जिंगला लावायची न्हाई. पेटती."

त्यावर साहेबांनी त्यालाच शहाणपण शिकवलं. लहानपणी विजेरीचे सेल उन्हात घातले की पुन्हा चालायचे, म्हणे. तासभर त्यांनी बॅटरी कठड्यावर तापवली. मग शहादेव नको नको म्हणत असताना आपल्या हाताने चार्जरला लावली, काढलीस तर याद राख म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

जीप वळणाआड जाताच तो काढायला धावला. तोवर फस्सकन धूर निघाला होता. त्याने बटन बंद केलं, काठीने बॅटरी घमेल्यात ओढली, वर वाळू लोटली. टेबल जळालं, चार्जर वितळला, हाताची साल निघाली.

उरलेल्या बॅटरीत आता चार्जिंगची एकच कांडी दिसत होती. ती पुरवायची म्हणून सेट दिवसभर बंद. सकाळी आठला दोन मिनिटं सुरू करायचा, बस. बाकी दिवसभर पालीची चुकचुक.

आठ वाजले. पातळी सांगून झाली, तरी आज त्याने सेट बंद केला नाही.

"सुरेखाताई, साहेब हायेत का तिथं?"

कंट्रोल रूममधली सुरेखा आवाज दाबून म्हणाली, "हायेत. पण मामा, ह्याच्यावर नका बोलू. सगळ्या चौक्या ऐकायलेत."

"त्याच्यासाठीच बोलायलोय."

कांडी लुकलुकायला लागली. पट्टीच्या हाताने त्याने सेटचं बोलायचं बटन घट्ट दाबलं.

"साहेब, काम ऱ्हाऊ द्या न्हाईतर जाऊ द्या. फुगलेली बॅटरी चार्जरला कुणी लावली, तेवढं सगळ्यायसमोर सांगा. बटन सोडायलोय. बोला."