वीरगळापुढचा घास

शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली की आमची गाडी भरतीच. 'दोन दिवसांत रणभूमी' असा बोर्ड मीच रंगवून घेतलाय. सकाळी कोल्हापुरातनं निघायचं, पन्हाळा बघायचा, मुक्काम गडावर. दुसऱ्या दिवशी शाहूवाडीकडं, पावनखिंडीला. गाडी मी चालवतो. हसू नका, आमच्याकडं बायकाबी 'आलो, गेलो'च म्हणत्यात. पुण्याचं पावणं हमखास हसत्यात, मग मी घाटातलं एक वळण जरा जोरात घेतो. गपगार हुत्यात.

लढायांच्या गोष्टी सांगायचं काम मामांचं, म्हंजी माझ्या सासऱ्यांचं. गणपतराव, फौजेतनं सुभेदार हुऊन आलेलं. खिंडीत माणसं कशी उभी ऱ्हायली ते असं सांगत्यात की पावण्यांच्या डोळ्यांत पाणी येतंय. मी मातुर ऐकून ऐकून विटलोय. मरणाऱ्याचं कौतुक सांगायला कुणाचं काय जातंय? माझा गेलाय.

माझा नवरा सम्राट. फौजेतच हुता. तीन वर्षांमागं सीमेवर गोळाबारीत गेला. पेटी आली, तिरंगा आला, गावभर 'अमर रहे' झालं. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काय शिवंना. झाडावर ढीगभर कावळं, पण एक खाली उतरंना. कावळा शिवला न्हाय म्हंजी गेलेल्याची इच्छा अडकून ऱ्हायली, हे आमच्यात शेंबड्या पोरालाबी ठावं. मामांनी हात जोडून एकेक शब्द दिला. तुझ्या बायकोला लेकीगत बघतो. घराचा स्लॅब पुरा करतो. आईला एकटं पडू देत न्हाय. कावळं ढिम्म. ऊन चढलं, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळी घरी आली. मामा मातुर अजून तिथंच हायत.

तवापास्नं हरेक सहलीला ते डब्यातनं सम्राटचा घास घेत्यात. दहीभाताचा मुटका, वर खर्डा लावलेला भाकरीचा तुकडा. वाटंत एका वाडीबाहेर, भाताच्या खाचराच्या बांधावर वीरगळ हाय. लढून मेलेल्या गड्याच्या आठवणीचा दगड, पार झिजलेला. खाली लढणारा गडी, मधी त्याला वर न्हेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर महादेवाची पिंड. कुठली लढाई, कोण गडी, कुणाला सांगता येत न्हाय. मामांचं म्हणणं, लढून गेलेली सगळी एकाच जागी असत्यात, हितनं निरोप पोचंल. पानावर घास ठेवायचा, लांब सरायचं, मोठ्यानं एक शब्द द्यायचा. कावळं वरच्या आंब्यावर बसून बघत ऱ्हात्यात. पावण्यांनी टाकलेली शिळी चपाती झडप घालून न्हेत्यात, पण ह्या पानाकडं ढुंकून बघत न्हाईत. पावण्यांना वाटतंय, हेबी सहलीतच धरलंय. फोटो काढत्यात. मला त्या आंब्याखाली थांबलं की पाठीमागं कोणतरी श्वास रोखून उभं हाय असं वाटतंय. खोटं कशाला बोलू, मला भ्या वाटतंय. माझ्याच नवऱ्याचं.

गेल्या रविवारी गाडीत मामा माझ्या शेजारी बसलेलं. मधीच हळू आवाजात म्हणालं, "तेजस्वी, आज यशराजचा शब्द देतो."

यशराज माझा लेक, एकुलता एक. बारावी झाल्या झाल्या मामांनी त्याला भरतीच्या अकॅडमीत घातलाय. मी भांडलो, रडलो, दोन दिवस जेवलो न्हाय. 'ह्या घरानं एक दिलाय, बास झालं,' असं मामांना तोंडावर सांगितलं. पोराला विचारलं तर आज्ज्याकडं बघत म्हणतोय, "आबा म्हणतील तसं." अजून भरती झालेली नव्हती, म्हणून मला आशा हुती. पण कावळा शिवलेला शब्द आमच्यात कोण मोडत न्हाय. मेलेल्यानं मागून घेतलेलं असतंय ते.

"मामा, तसलं काय बोलू नका," मी म्हटलं.

"एवढं एकच ऱ्हायलंय बघ. त्याला तेच पायजे असंल."

"आणि नसलं तर?"

"तर शिवणार न्हाय की."

मागं पावणं बसलेलं. दात आवळून गाडी हाणली.

वीरगळापाशी मामांनी पान मांडलं, मुटका ठेवला, मागं सरलं. निपाणीची एक बाई, शांभवी नावाची, मोबाईल काढून पुढं आली. "ठेवा तो खाली!" मी वराडलो. बिचारी दचकली. मामांनी हात जोडलं.

"सम्राट, तुझ्या यशराजला तुझ्याच पलटणीत घालतो."

आंब्याचं पान हलंना. आणि एक कावळा सुटला. आधी दगडाच्या माथ्यावर बसला, मग बांधावर उतरला. तिथनं एकेक पाऊल टाकत पानाकडं यायला लागला.

"आला," मामा म्हणालं. "आला गं माझा बाबा."

कावळ्यानं मान वाकडी करून घासाकडं बघितलं. सम्राट ताट पुढं आलं की आधी असाच बघायचा. सगळंच कावळं तसं बघत्यात, कळतंय मला. पण मला सम्राटच दिसला. शेवटच्या सुट्टीत त्यानंच पोराला पहाटं उठवून रस्त्यानं पळवलेलं. हसत हुता, पोराची छाती मोजत हुता. त्याला हेच पायजे हुतं, दुसरं काय?

मी पळालो. कावळ्याच्या पुढ्यात गुडघं टेकलं, भाकरीसकट मुटका उचलला आणि तोंडात घातला.

मागं कोणतरी किंचाळलं. मेलेल्याच्या वाटणीचं कोण खातंय व्हय? खर्ड्यानं जीभ भाजली, नाकाडोळ्यांतनं पाणी आलं. कावळा हातभर अंतरावर हुता, तरी उडंना. त्याच्याकडं बघत मी चावत ऱ्हायलो. "तुला पायजे असंल," मनात म्हटलं, "पण मी देत न्हाय. तुझ्यावर जीव हाय माझा, अजून हाय. पण पोरगं देत न्हाय." शेवटचं शीतबी गिळलं.

कावळा पुढं आला. मोकळ्या पानावर त्यानं चोच घासली, इकडं तिकडं टोकरून बघितलं. काय गावलं न्हाय. मग उडून गेला.

मामा बांधावर बसलेलं. मग माझ्याकडं बघितलं, रागानं न्हवं.

"पोरी, तीन वर्षांनी तो येत हुता गं."

"व्हय मामा," मी म्हटलं. "म्हणूनच."