खिडकीपर्यंत न पोचलेली सायकल

मित्रांनो, मला चाक आहे, हँडल आहे, सीट आहे, आणि तरीही जन्मात मी वीतभरसुद्धा पुढे गेलेली नाही. ओळखलेत ना? मी एक जुनी व्यायामाची सायकल आहे. घरातल्या घरात, एकाच जागी उभी राहून चालते ती. म्हाताऱ्या वस्तूंनी सगळ्यांना माफ करून गोड गोड बोलावे, अशी तुमची अपेक्षा असेल. मला ते जमेल असे वाटत नाही. मी अजून रागावलेली आहे. पण जे घडले ते जसेच्या तसे सांगेन, माझी चूकही लपवणार नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. एकाने सांगाडा जोडला, दुसऱ्याने काळा रंग दिला आणि जड लोखंडी चाक बसवले ते एका चष्मेवाल्या कारागीर बाईने. तिने चाक जोरात फिरवले, कान जवळ आणला आणि म्हणाली, "कुरकुर नाही. जाऊ दे हिला." ते माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक. शेवटी हँडलखाली एक गोल खटका लावला. त्यावर एक ते आठ आकडे होते. आकडा जितका मोठा, तितके पॅडल मारणे जड.

मी ज्या घरात आले ते एका घड्याळजीचे घर होते. रस्त्यावर, जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत त्यांचे दुकान, आणि वर तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड. दिवसभर डोळ्याला भिंग लावून, पाठीची कमान करून ते बसत. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. इस्पितळात पाच दिवस काढावे लागले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "लोकांची घड्याळं चालू ठेवता, स्वतःचं बंद पाडू नका." तेव्हा दुसऱ्या गावी राहणारी त्यांची लेक मला घेऊन आली. तिनेच पान्हा घेऊन मला जोडले आणि वडिलांना वर बसवले.

पहिल्या दिवशी घड्याळजी चार मिनिटांत घामाघूम झाले. खाली उतरून भिंतीला टेकले आणि म्हणाले, "ही बया माझा जीव घेणार!" मी जीव घेतला नाही, मित्रांनो. मी तो जपला. चाराची सात मिनिटे झाली, साताची पंधरा, आणि तीन महिन्यांत पुरता अर्धा तास. कमरेच्या पट्ट्याला आतल्या बाजूने दोन नवी भोके पाडावी लागली. तीन जिने ते न थांबता चढू लागले. घरी कुणी आले की मला दाखवायला खोलीत आणत आणि माझ्या सीटवर थाप मारून सांगत, "आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो हिच्यामुळं."

घड्याळजींची बायको टायपिंगचा क्लास चालवायची. सगळी आळी तिला बाई म्हणे. तिचा स्वभाव मिस्कील. ती दारात उभी राहून म्हणायची, "अहो, इतकी वर्षं सायकल हाणताय, अजून खिडकीपर्यंतसुद्धा पोचला नाहीत!" घड्याळजी हसत आणि आणखी जोरात पॅडल मारत.

अशी सहा वर्षे गेली. रोज सकाळी साडेसहाला सुरुवात, सातला बंद. खटका तीनवर. दहा किलोमीटर. एकही दिवस खाडा नाही. घड्याळजीच तो, त्याचा नेम कसा चुकणार?

आता माझी चूक सांगते. पट्ट्याची भोके दुसऱ्याच वर्षी वाढायची थांबली होती. तीन नंबरचा ताण त्यांना आता ताण वाटतच नव्हता. ते माझ्यावर बसून पेपर वाचत. पानेही घामाने ओली होत नसत. तळपाय किती जोर लावतो हे पॅडलइतके कुणाला कळणार? मला सगळे कळत होते. मला बोलता येत नाही हे खरे, पण येत असते तरी मी बोलले नसते. ज्याची रोजची सकाळ आपल्या वाट्याला येते, त्याला कोण कशाला सांगेल की आता दुसरे काही कर?

मग एका दुपारी क्लासमध्ये मजकूर सांगता सांगता बाईची जीभ अडखळली आणि डावा हात टाइपरायटरवरून खाली घसरला. अर्धांगवायूचा झटका होता. महिन्याने ती घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून. जीभ बरीच सुधारली होती, डावी बाजू मात्र ऐकत नव्हती. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, दिवसातून सहा-सात वेळा तिला कुणीतरी न्यायला हवे होते. लेक पंधरा दिवस राहिली. निघताना तिने वडिलांना बाजूला घेतले. "बाबा, तुमच्याच्यानं नाही झालं तर स्पष्ट सांगा. आईला चांगल्या शुश्रूषा केंद्रात ठेवू. हट्ट करू नका."

"मी रोज दहा किलोमीटर सायकल मारतो," घड्याळजी म्हणाले. "मला काय धाड भरली आहे?"

माझी मान ताठ झाली. आमच्या दोघांच्या ताकदीवर त्यांनी शब्द दिला होता.

चौथ्याच दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, ते बाईला पलंगावरून उचलायला वाकले. काखेत हात घातले, पाठीला झटका देऊन ओढले. ती अर्धी उठली, आणि त्यांच्या दंडातला जोर संपला. दोघे हळूहळू, एकमेकांना धरून, फरशीवर आले. लागले नाही. पण तिला परत वर घेता येईना. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्यांची कंबर धरली. बाईकडून व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट अकराला येणार होती. तोवर तसेच बसण्यावाचून इलाज नव्हता.

बाईने त्यांच्याकडे पाहिले आणि जड जिभेने म्हणाली, "अहो, टेका पाठ भिंतीला. आपण सहलीला आलोय असं समजू."

ते हसले नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं रोज! आणि बायको उचलता येत नाही मला. फसवलं या यंत्रानं."

मित्रांनो, मी फसवले? मला हृदय सांभाळायला आणले होते, ते मी सांभाळले. माणूस उचलायला मी कधी शिकवणार होते? मला हातच नाहीत. पण त्या दिवशी त्या खोलीत गुन्हेगार मीच ठरले.

अकराला फिजिओथेरपिस्ट आली. तरुण, पण कामाला वाघीण. तिने बाईच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, स्वतःचे गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकवले, एक-दोन-तीन म्हटले आणि घड्याळजींच्या मदतीने तिला वर घेतले. मग तिने माझ्याकडे बोट दाखवले.

"काका, ही कोण चालवतं?"

"मी. सहा वर्षं. एक दिवस चुकवलेला नाही."

तिने माझा खटका पाहिला. "कायम तीनवरच?"

"हो."

"म्हणजे एकच धडा सहा वर्षं वाचताय. पाठ झाला, आता त्यातून नवीन काय मिळणार? शरीर मोठं हुशार असतं काका. रोज तेच काम दिलं की ते कमीत कमी कष्टात उरकायला शिकतं."

घड्याळजींनी एकदाच माझी बाजू घेतली. "पण मी वाचलो ते हिच्यामुळं."

"वाचलात ना? मग तिचं काम झालं. आता तुमच्या मांड्या, पाठ आणि हात यांना काम द्या. व्यायाम बदला, तीन महिन्यांत बघा."

तिचं काम झालं. किती सहज म्हणाली ती!

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले. घड्याळजी खोलीत आले. सवयीने मी तयार झाले. ते माझ्या शेजारून गेले आणि लाकडी खुर्चीसमोर उभे राहिले. हात न टेकता खुर्चीवर बसायचे आणि हात न टेकता उठायचे. दहा वेळा. सातव्या वेळी "अगं आई गं!" असे ओरडून ते मागे पडले. मग पिशवीत वाळू भरून ती जमिनीवरून उचलणे. पाठ न वाकवता, गुडघे वाकवून, ओझे अंगाजवळ धरून. मग भिंतीला हात लावून जोर. एक दिवसाआड जिने, एक मजला भराभर आणि एक मजला सावकाश. प्रत्येक आठवड्याला पिशवीत थोडी वाळू जास्त.

खरे सांगते, पहिले पंधरा दिवस मी मनात खूश होते. त्यांचे अंग ठणकत होते, चेहरा उतरला होता. मला वाटले, कंटाळतील आणि परततील माझ्याकडे. एका सकाळी ते आलेही. सरळ माझ्या सीटवर बसले. माझे चाक नुसत्या वजनानेच सुखावले. त्यांनी पाय वर घेतला, बुटाची नाडी बांधली, आणि उतरून जिन्याकडे गेले.

त्यानंतर माझ्या हँडलवर ओले टॉवेल आले. मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल संपला, तेव्हा त्यांनी माझ्या मीटरमधला काढून तिकडे घातला. माझ्या छातीवरचा आकड्यांचा पडदा काळा झाला. सहा वर्षांत ज्यावर त्यांनी हजारो किलोमीटर मोजले, तो बंद करताना त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

आणि तरीही, मित्रांनो, डोळ्यांसमोर घडले ते नाकारणार कशी? दीड महिन्यात त्यांचे खांदे मागे गेले. दुकानातून वर येताना त्यांना धाप लागेनाशी झाली. पट्ट्याचे जे भोक चार वर्षे हलले नव्हते, तेही एकाने सरकले. तिसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी फिजिओथेरपिस्ट नुसती हाताची घडी घालून उभी राहिली. घड्याळजींनी बाईच्या कमरेला पट्टा बांधला. खुर्ची तिच्या चांगल्या बाजूला ठेवली. गुडघ्यांना गुडघे टेकवले. "तयार ना गं?"

"मी कधीचीच तयार आहे. तुमचंच अडलंय."

एक, दोन, तीन. ती उठली, वळली आणि खुर्चीत बसली. बस, एवढेच. पण घड्याळजींनी तिच्या खांद्यावर डोके टेकवले आणि बराच वेळ उचलले नाही. मग त्यांनी तिला गॅलरीत नेले. चार महिन्यांनी तिने आपला रस्ता पाहिला. तिकडून तिचा आवाज आला, "अहो, समोरच्या न्हाव्यानं पाटी रंगवली वाटतं!" त्याच संध्याकाळी लेकीला फोन झाला. आई कुठेही जाणार नव्हती.

मी कोपऱ्यातून ऐकत होते. मला आनंद झाला. आणि त्या आनंदात माझा काहीही वाटा नव्हता, हे टोचलेही.

पण खरा घाव पुढे होता. एका रविवारी घड्याळजी पान्हा घेऊन आले आणि त्यांनी मला आडवे केले. मला वाटले, तेल घालणार. उशिरा का होईना, आठवण झाली म्हणायची. त्यांनी माझे उजवे पॅडल सोडवले. डावे निघेना. मग पुटपुटले, "हां, डाव्याचा आटा उलटा असतो." निघाले. पाठोपाठ पॅडलचे दोन्ही दांडे आणि मधला आसही काढून घेतला. दुपारभर ठोकाठोक करून त्यांनी तो सगळा जुडगा एका लाकडी चौकटीत बसवला आणि चौकट टेबलावर बाईसमोर ठेवली. फिजिओथेरपिस्टने सांगितले होते, की चांगल्या हाताने फिरवले की दुबळा हातही सोबत फिरतो, त्याला हळूहळू सवय होते. घड्याळजींनी बाईचा डावा हात मऊ पट्टीने पॅडलला बांधला. तिने उजव्या हाताने जोर लावला. पहिल्या दिवशी अकरा फेरे झाले.

बाराव्या फेऱ्याआधी ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले. "अहो, तिच्यावर काहीतरी पांघरा. कशी दिसतेय बिचारी."

"वस्तू आहे गं ती."

"वस्तू असेल. पण तुम्हाला सहा वर्षं पाठीवर घेतलंय तिनं. निदान सांगायचंत तरी तिला."

घड्याळजी हसले, जसे लहान मुलाच्या बोलण्याला हसतात. त्यांनी कपाटातून एक जुनी चादर काढून माझ्यावर टाकली. सांगितले मात्र काही नाही.

आता मी त्या चादरीखाली असते. सकाळी साडेसहाला वाळूची पिशवी जमिनीवर ठेवल्याचा धप्प आवाज येतो, आणि दहाला टेबलावर माझीच पॅडले फिरल्याचा. परवा बाईने साठ फेरे मोजले. तिची डावी करंगळी हलली, असे ती ओरडून सांगत होती. माझे अंग माझ्यापासून तोडून नेले, आणि ते तिथे माझ्यापेक्षा मोठे काम करते आहे. अशा वेळी रागवावे की अभिमान बाळगावा? मी दोन्ही करते. राग जास्त आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, खेळाल, व्यायाम कराल. एकाच व्यायामाला चिकटून बसू नका. जे सोपे झाले, त्यात भर घाला. त्यानेही भागेना, तर नवे शिका. ती फिजिओथेरपिस्ट खरे बोलली होती, हे मला कबूल करावेच लागते. पण ज्याने तुम्हाला पहिल्यांदा उभे केले, त्याला सोडताना ओल्या टॉवेलांचा दांडा करून सोडू नका. त्याला पुसा, दोन थेंब तेल घाला. ज्याची सुरुवात व्हायची आहे अशा कुणाला देता आले, तर देऊन टाका. आणि तोडायचेच असेल, तर आधी हँडलवर हात ठेवून सांगा, "झालं तुझं काम. आता मी पुढं जातो."

कुणी म्हणेल, वस्तूला काय कळते? सांगून तर बघा.