यादीत नसलेले अठ्ठावन्न किलो

जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर चारुदत्तांनी फ्लॅट सोडून कायमचं वोनमोबीलमध्ये राहायचं ठरवलं. शुभदाही हौसेने हो म्हणाली. पण या चाकांवरच्या घराचं वजन कायद्याने साडेतीन टनांवर जाऊन चालणार नव्हतं, म्हणून चारुदत्तांनी चमच्यापासून गादीपर्यंत सगळं तोलून यादीत भरलं. शुभदाचा चार किलोंचा खलबत्ता यादीतून उडाला आणि लेकीच्या, निधीच्या गाडीत गेला. यांच्या जुन्या मासिकांची खोकी मात्र राहिली! शुभदा आतून धुमसत होती.

निघायच्या सकाळी वजनकाट्यावर गाडी अठ्ठावन्न किलोंनी जास्त भरली. हा आकडा शुभदाच्या चांगला ओळखीचा होता. बाथरूममधला काटा तिला रोज हाच दाखवायचा.

"शक्यच नाही. अगदी गेनाऊ, काटेकोर हिशेब केलाय मी," चारुदत्त यादी चाळत पुटपुटले.

"अहो, माणसं धरलीत का त्यात?"

"ड्रायव्हर कंपनीनेच धरलेला असतो. पंच्याहत्तर किलो."

"आणि मी?"

चारुदत्तांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. शुभदा तणतणणारच होती, पण तो पडलेला चेहरा पाहून तिला हसू फुटलं.

मग चारुदत्तांनी मासिकांची सगळी खोकी निरोपाला आलेल्या निधीच्या गाडीत टाकली आणि खलबत्ता परत आणला. यादीत सगळ्यात वर लिहिलं, 'शुभदा'.

"किती लिहू?"

"चोपन्न."

मोजल्याशिवाय जन्मात एक आकडा न लिहिलेल्या त्या माणसाने काट्याकडे न बघता चोपन्न लिहिलं आणि गाडी सुरू केली.