बारा खणांचे कपाट

थोरलीने सातवा खण बाहेर ओढला आणि आतल्या वस्तू दुसऱ्यांदा मोजल्या. बाबांच्या वहीत अकरा होत्या, खणातही अकराच भरल्या. सबंध कपाटात बारा खण आणि एकशे त्रेचाळीस वस्तू: एकोणऐंशी शिक्के, एकतीस वजने, बावीस ताईत, दहा पशुमूर्ती आणि झाकणाची एक डबी. सगळ्या शिशाच्या. सर्वांत नवी सहाशे वर्षांची, सर्वांत जुनी दोन हजारांच्या आसपास. वहीत नोंद नसलेली एकच गोष्ट खणात होती. कोपऱ्याकोपऱ्यांत पांढरी पूड साचलेली होती.

"हातमोजे कशाला गं?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "चावतात की काय?"

"अहवालाची पद्धत आहे, बाबा."

संग्रहालयाने संग्रह घ्यायचे कबूल केले होते. त्याआधी वस्तूंच्या स्थितीचा अहवाल हवा होता. असे अहवाल थोरलीच्याच प्रयोगशाळेत होत. लहानपणी तिला या कपाटाला हात लावायची मुभा नव्हती. तिच्या हातून वस्तू पडतात, असे घरात ठरून गेले होते. आता बाबांनी स्वतः किल्ली तिच्या हातात दिली होती, आणि मघापासून ते एकेका वस्तूची हकिकत सांगत होते.

"तो बैल बघ. भंगारवाल्याच्या पोत्यातून काढला. मी दोन मिनिटं उशिरा पोचलो असतो तर कुठल्यातरी बॅटरीत गेला असता बिचारा."

"ही पूड कधीपासून येते?"

"कपाट केलं तेव्हापासून. पहिल्यांदा सगळं पत्र्याच्या पेटीत होतं, तेव्हा नव्हती. मग म्हटलं, चांगलं लाकडाचं करू, झुरळ शिरणार नाही असं घट्ट." ते हसले. "ठमी झाली त्या वर्षी. खोलीत एका अंगाला पाळणा, एका अंगाला माझा रंधा."

"आणि पुडीचं काय करायचात?"

"काय करायचं? दर रविवारी मऊ ब्रशनं झाडायचं आणि फुंकायचं. एक रविवार चुकवला नाही. ठमीला मांडीवर घेऊन बसायचो. तिच्यासारखी मदतनीस नाही. तुझ्यासारखी धसमुसळी नव्हती ती."

थोरलीने हातातला ब्रश खाली ठेवला. घट्ट बंद लाकडातून आंबूस वाफ निघते, त्या वाफेने शिसे फुलून त्याची पांढरी पूड होते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, हे तिच्या कामातल्या पहिल्या महिन्यात शिकवलेल्या गोष्टींपैकी होते.

ठमी दारातून आत आली. ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिला वीसच्या पुढे मोजता येत नसे. ती सरळ खणापाशी आली, बोट जिभेवर ओले केले, कोपऱ्यात फिरवले.

"ताई, गोड!"

थोरलीने तिचे मनगट तोंडापाशीच धरले. ठमी आधी हसली, मग पकड सुटेना तेव्हा ओरडली.

"अगं, राहू दे की!" बाबा म्हणाले. "लहानपणापासूनची खोड आहे तिची. पूड दिसली की चाटतेच. तेवढ्यानं काय होतंय?"

थोरली तिला तसेच ओढत मोरीपाशी घेऊन गेली. हातमोजे काढून तिने ठमीच्या हातांना साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. नखांखालून मोरीतला ब्रश फिरवला. पाचव्या खेपेला ठमी रडायला लागली, तेव्हा आईने नळ बंद केला.

"कातडी काढतेस का पोरीची?"

आईचा हात थोरलीच्या हाताला लागला. तो तापलेला होता.

"ताप आहे तुला. गोळी घेतलीस?"

आईने टॉवेलने ठमीचे हात पुसले. उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होते. ठमीच्या वेळी पाचव्या महिन्यात तिला ताप भरला होता आणि तिने दोन गोळ्या घेतल्या होत्या. ठमी तीन वर्षांची झाली तरी नीट बोलेना, तेव्हा आत्याने त्या दोन गोळ्यांवर बोट ठेवले. त्यानंतर आईने कधी डोकेदुखीलाही गोळी घेतली नव्हती.

"आत्या काहीही बोलायची, आई."

"आत्या बोलून मोकळी झाली. तुझ्या बाबांनी कधी एक शब्द काढला नाही." तिने टॉवेल खुंटीला लावला. "ते विचारतील म्हणून पंचवीस वर्षं वाट बघितली मी. नाही म्हणायचीसुद्धा संधी दिली नाही."

थोरलीने आपले हात पुसले.

"आमचे दुधाचे दात ठेवले होतेस ना गं तू? दोन डब्यांत?"

"आहेत की. का?"

"हवेत मला. दोघींचा एकेक. खालचा, पुढचा."

आई आतल्या खोलीत गेली. कपड्यांच्या घडीखालून तिने दोन छोट्या डब्या काढल्या. प्रत्येकीवर कागद चिकटवून तारीख लिहिलेली होती. थोरलीचा तो दात पडला तेव्हा ती सहा वर्षांची होती; कपाट त्यानंतर चार महिन्यांनी उभे राहिले.

प्रयोगशाळेत तिने दोन्ही दात धुतले, वाळवले, तोलले आणि आम्लात विरघळवले. प्रत्येक नमुना तीन वेळा मोजला. मग यंत्र धुऊन, दोन्हींची जागा बदलून पुन्हा तीन वेळा मोजला. आकडे हलले नाहीत. अहवालाचा कागद तसाच बाजूला ठेवून तिने घरी फोन लावला.

बाबांनी उचलला. "काय गं, झाला का अहवाल? खरे आहेत ना सगळे?"

"खरे आहेत, बाबा."

"एकही खोटा नाही?"

"एकही नाही."

"बघ! मी म्हणत नव्हतो? पाटीवर नाव काय लिहिणार, विचारलंस का? ठमीचंही घाला म्हणावं."

"आईला द्या ना फोन."

"आईला? तिला काय कळतंय त्यातलं?"

"द्या, बाबा."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, मग पावलांचा. आईने "हं" म्हटले. थोरलीने समोरचा दातांच्या आकड्यांचा कागद सरळ केला.

"आई, आधी बस. बसलीस? ऐक. शिसं मोजलंय मी, दातांतलं; लहानपणी पोटात गेलेलं तिथं साठून राहतं. मायक्रोग्रॅममध्ये, एका ग्रॅमला किती ते. माझ्या दातात दोन पूर्णांक चार." तिने खालच्या ओळीवर बोट ठेवले. "ठमीच्या दातात अडुसष्ट पूर्णांक एक."