मिस्त्रींचं राउटर

"विकायचं नाहीये," मिस्त्री दारातूनच म्हणाले, आणि त्याच क्षणी आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला, "या या काकू, मशीन काढूनच ठेवलंय."

एक पाय उंबरठ्याच्या आत आणि एक बाहेर अशा सिस्टर उभ्या राहिल्या. आत जावं की मागे फिरावं, कळेना.

चौतीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढली होती त्यांनी. निवृत्त होऊन तीन महिने झाले तरी भाजीवाल्यापासून नवऱ्यापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. उरलेल्या आयुष्याचं काय करायचं याचं उत्तर त्यांनी परस्पर शोधलं होतं. मागच्या गॅलरीत एक भक्कम टेबल टाकलं, करवत आणली, आणि फळ्या कापायला घेतल्या. दोन शेल्फ झाले, एक डुगडुगणारं स्टूल झालं. पण कडा बोचत होत्या. फळीच्या कडेला गोलाई द्यायची तर राउटर हवं, असं कळलं. "राउटर आहे की आपल्याकडे!" नवरा म्हणाला. "टीव्हीखाली. हिरवा दिवा लागतो ते." त्याला समजावता समजावता सिस्टरांच्या नाकी नऊ आले. शेवटी मोबाईलवर या सुनेची जाहिरात दिसली, जुनं पण चालू मशीन, आणि त्या इथवर आल्या.

"बाबा असंच बोलतात," सून त्यांना आत नेत म्हणाली. "आमच्याकडे जागाच नाही हो. पसारा नुसता."

सिस्टरांनी खोलीभर पाहिलं. अवजारं भिंतीवर ओळीनं टांगलेली, जमीन लख्ख झाडलेली. खोलीत आणखी दोन टेबलं सहज मावली असती.

"बेअरिंग गेलंय त्याचं," मिस्त्री मागून म्हणाले. "चालू केलं की अंगावर येतं. कशाला घेताय बाई? डोक्याला ताप."

"काहीही काय, बाबा! परवाच शेजाऱ्यांनी चालवून बघितलं ना!"

"त्याला काय कळतंय!"

वॉर्डात दोन नातेवाईक दोन तऱ्हांनी बोलू लागले की सिस्टर सरळ पेशंटकडे वळायच्या. इथे पेशंट म्हणजे मशीन. "मी चालवून बघू?" त्यांनी विचारलं.

सून चहा टाकायला गेली. मिस्त्रींनी नाइलाजानं एक फळी शिकंज्यात आवळली. सिस्टरांनी दोन्ही हातांनी मशीन धरलं आणि बटण दाबलं. आवाज एकसारखा, कुठे खरखर नाही. त्यांनी ते फळीच्या कडेला लावलं, तसं ते पळतच सुटलं.

"उजवीकडून नाही! डावीकडून उजवीकडे न्यायचं!" मिस्त्री ओरडले. "ओढू नका, त्याला चावू द्या लाकूड. हां. आता थांबू नका... थांबलात ना? जळलं बघा."

कड काळी पडली होती. पण काळ्या डागाच्या अलीकडे वीतभर गोलाई इतकी गुळगुळीत उतरली होती, की सिस्टर त्यावरून बोट फिरवतच राहिल्या. मशीनला काही म्हणजे काही झालं नव्हतं. मग हा माणूस खोटं का बोलतोय?

मिस्त्रींनी प्लग काढला, पाना फिरवला, आणि पातं चिमटीत धरून समजावू लागले. "हे बघा, याची धार इकडून..."

पातं अजून तापलेलंच होतं, त्याला चिकटलेला भुसा अजून धुमसत होता. मिस्त्री मात्र शांतपणे बोलत होते. त्यांच्या अंगठ्याची कातडी पांढरी पडू लागली.

सिस्टरांनी फटका मारून पातं खाली पाडलं आणि मिस्त्रींचा हात धरून कोपऱ्यातल्या नळाखाली घातला.

"काय झालं?" मिस्त्री गोंधळले.

"भाजलंय तुम्हाला."

मिस्त्रींनी आपल्या बोटांकडे दुसऱ्याच कुणाची असावीत तसं पाहिलं.

"कधीपासून कळत नाही?"

मिस्त्रींनी पाण्याखाली हात उलटा करून पाहिला. "वर्ष झालं असेल," ते म्हणाले. "शुगरच्या गोळ्या आहेत चालू. हे नाही सांगितलं कुणाला. सूनबाईला तर बोलूच नका. ती मला चमचासुद्धा धरू देणार नाही."

"घरात नाही सांगत. पण डॉक्टरांना तुम्ही सांगायचं. याच आठवड्यात. कबूल?"

त्यांनी मान हलवली. मग खाली बघत म्हणाले, "मशीन झकास आहे. उगाच नावं ठेवली त्याला. वाईट वाटलं मलाच."

मलम मागायला सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या. तोंडातून शब्द निघायच्या आत सुनेनं फडताळातून नळी काढून त्यांच्या हातात दिली.

"परत भाजलं ना?" ती हळूच म्हणाली. "मागच्या महिन्यात बोट कापलं, तर म्हणाले खिळा लागला. मला सगळं कळतं, काकू. म्हणून तर जाहिरात दिली. जागा नाही म्हणते, दुसरं काय म्हणू? मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका. मरतील लाजेनं."

सिस्टर नळी हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. दोघांचं एकच गुपित, आणि दोघांनीही ते सिस्टरांच्याच पदरात टाकलं होतं. एक वाक्य बोललं असतं तर सगळं मोकळं झालं असतं. की मोडलं असतं? इतकी वर्षं पेशंटच्या घरच्यांना बऱ्यावाईट बातम्या सांगण्यात गेली, आणि आज कुणाला काय सांगावं ते समजेना. त्या चहाचे कप ट्रेमध्ये मांडू लागल्या.

चहा घेऊन दोघी खोलीत आल्या, तर मिस्त्री मशीन पुसून खोक्यात ठेवत होते.

"देऊन टाकतोय गं," ते सुनेला म्हणाले. "घरात जागा कुठाय!"

सून "हो ना" म्हणाली, आणि तिनं ट्रे खाली ठेवायला जरा जास्तच वेळ घेतला.

सिस्टरांनी बोटांना मलम लावून दिल्यावर मिस्त्रींनी खोक्याभोवती सुतळी दोनदा फिरवली. मलम लावलेल्या बोटांना टोक सापडेना. एकदा निसटलं, पुन्हा निसटलं. सुनेचा हात पुढे झाला आणि तसाच मागे गेला. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. सिस्टरही तिच्या शेजारी गेल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या घराची भिंत होती आणि एक बंद दार. दोघी त्याकडे बघत राहिल्या. चहा निवत गेला.

"झालं," मागून मिस्त्री म्हणाले, तेव्हाच त्या वळल्या.